बळी, अर्पण आणि भोजन : मिस्सामधील यज्ञकल्पनेची बायबलमधील मुळे

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. तेव्हापासून मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची एक सलग नसली तरी दीर्घ परंपरा आपल्यासमोर आहे. या परंपरेचा अभ्यास मुख्यत्वे भाषा, ओवी आणि संतकवितेशी असलेले नाते या अंगांनी झाला. तो आवश्यकच होता. मात्र या वाङ्मयाच्या मुळाशी असलेल्या धर्मकल्पनांकडे मराठी समीक्षेने फारसे वळून पाहिलेले नाही. आपल्या परिचयाचा एखादा शब्द दिसला की त्या शब्दामागची कल्पनाही आपल्याच परिचयाची आहे, असे आपण गृहीत धरतो. 'बळी' हा असा एक शब्द आहे.

कॅथलिक उपासनेचा केंद्रविधी म्हणजे मिस्सा. हा विधी यज्ञस्वरूप आहे, अशी कॅथलिक चर्चची शिकवण आहे. 'मिस्साबलिदान' हा जोडशब्द त्याच शिकवणीतून आला. सामान्य मराठी वाचकाच्या मनात मात्र 'बळी' म्हटले की जत्रेतला बोकड, कोपलेली देवता आणि तिचे शमन ही त्रयी उभी राहते. मग ख्रिस्ताचा क्रूसावरील मृत्यू म्हणजे रागावलेल्या देवाला दिलेला नरबळी आणि मिस्सा म्हणजे त्याची पुनरावृत्ती, असे समीकरण नकळत मांडले जाते. एम.ए.च्या वर्गात ख्रिस्ती वाङ्मय शिकविताना हा प्रश्न दरवर्षी या ना त्या रूपात समोर येतो, आणि तो विचारणारा विद्यार्थी बहुधा वर्गातला विचार करणारा विद्यार्थी असतो. मिस्साच्या यज्ञत्वाची मुळे बायबलमध्ये कोणत्या विधींत व कोणत्या कथांत आहेत, हे पाहिल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. ती मुळे शोधू लागल्यावर असे दिसते की बायबलमधील यज्ञविचाराचे केंद्र वध हे नाही. जीवनाचे प्रतीक म्हणून रक्त, उभयपक्षी करार, त्या करारावर शिक्कामोर्तब करणारे भोजन आणि स्मरण यांभोवती तो विचार फिरतो.

आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे ठरेल. हिब्रू बायबलमध्ये देवाला वाहिलेल्या वस्तूसाठी 'कोर्बान' हा व्यापक शब्द येतो. त्याचा धातू 'जवळ येणे' या अर्थाचा आहे. कोर्बान म्हणजे जे जवळ आणले जाते आणि आणणाऱ्यालाही जवळ नेते ते. याच सेमिटिक धातूपासून अरबी-फारसीमार्गे मराठीत आलेला 'कुर्बानी' हा शब्द आपण सर्रास वापरतो. पण त्यातील सान्निध्याचा अर्थ मराठीत उरला नाही, जीव देण्याचा तेवढा उरला. केरळातील सिरियन परंपरेचे ख्रिस्ती लोक आपल्या मिस्साविधीला आजही 'कुर्बाना' म्हणतात. तेथे मूळचा अर्थ अधिक जिवंत आहे.

लेवीय या ग्रंथाच्या पहिल्या सात अध्यायांत अर्पणांचे पाच प्रमुख प्रकार आहेत. 'ओला' म्हणजे संपूर्ण होम, ज्यात पशूचे मांस पूर्णतः अग्नीत जाते. 'मिन्हा' म्हणजे सपीठ, तेल व धूप यांचे अर्पण. 'झेवाह शेलामीम' या प्रकारात पशूची चरबी वेदीवर जाते, काही भाग याजकाला मिळतो आणि उरलेले मांस अर्पण करणारा आपल्या माणसांसह खातो. 'हत्तात' व 'आशाम' हे दोन प्रकार पाप, अशुद्धी आणि अपराध यांच्याशी निगडित आहेत. या पाचांना एकच 'बळी' शब्द लावणे म्हणजे अग्निहोत्र, नैवेद्य, प्रायश्चित्त आणि सहभोजन यांना एकच नाव देण्यासारखे आहे. ख्रिस्ती परंपरेने मिस्साचा अर्थ लावताना या सगळ्यांतून धागे घेतले, केवळ शेवटच्या दोहोंतून नव्हे.

वधाच्या स्थानाविषयी लेवीय ग्रंथाचा पहिलाच अध्याय बोलका आहे. पशू आणणारा माणूस त्याच्या डोक्यावर हात ठेवतो आणि तो पशू स्वतःच कापतो. याजकाचे काम त्यानंतर सुरू होते : रक्त वेदीशी नेणे, ते वेदीच्या सभोवार टाकणे, मांस अग्नीवर रचणे. याजकाला राखून ठेवलेली पवित्र कृती वधाची नाही, ती रक्ताला देवाच्या सान्निध्यात नेण्याची आहे. त्यामागील कारण सतराव्या अध्यायात सांगितले आहे : प्राण्याचे जीवन त्याच्या रक्तात असते आणि म्हणूनच ते वेदीसाठी दिले गेले. रक्त येथे मृत्यूचे चिन्ह नाही, जीवनाचे आहे. लेवीयचे विसाव्या शतकातील मोठे भाष्यकार जेकब मिलग्रोम यांनी तर 'हत्तात' या विधीचा अर्थ पापबळी असा न करता शुद्धीकरणाचे अर्पण असा केला. त्यांच्या मते त्या विधीतील रक्त पवित्रस्थान धुऊन काढते. त्यांचे सर्वच निष्कर्ष सर्वांनी स्वीकारलेले नाहीत. तरीही शमनाच्या कल्पनेला त्यांनी दिलेला धक्का अभ्यासकांना टाळता आला नाही.

पाचव्या अध्यायातील एक सवलत याहूनही महत्त्वाची आहे. ज्याला कोकरू परवडत नाही त्याने दोन होले किंवा पारव्याची दोन पिले आणावीत, आणि तेही जमत नसेल तर एफाचा दहावा हिस्सा सपीठ आणावे. त्यावर तेल घालायचे नाही, धूप ठेवायचा नाही. तरीही ते 'हत्तात'च होय आणि त्याने क्षमा मिळते. मूठभर पिठाने पापक्षालन होत असेल, तर रक्तपात हे क्षमेचे अटळ मोल आहे असे लेवीय ग्रंथाच्या नावावर कसे म्हणता येईल? रक्ताशिवाय क्षमा नाही, असे सांगणाऱ्या इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायातील विधानाच्या आरंभी 'जवळजवळ' अशा अर्थाचा ग्रीक शब्द आहे. प्रवचनांत तो सहसा गळून जातो.

येथे मराठीतील एका वाक्प्रचाराचा उल्लेख करावासा वाटतो. दुसऱ्याचे दोष ज्याच्या माथी मारले जातात त्याला आपण 'बळीचा बकरा' म्हणतो. लेवीयच्या सोळाव्या अध्यायातील प्रायश्चित्तदिनाच्या विधीत दोन बकरे आहेत. चिठ्ठ्या टाकून त्यांतला एक परमेश्वरासाठी ठरतो. त्याचा वध होतो आणि त्याच्या रक्ताने पवित्रस्थान शुद्ध केले जाते. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून अहरोन लोकांच्या अपराधांचा उच्चार करतो, आणि तो बकरा जिवंतच रानात सोडला जातो. म्हणजे ज्याच्यावर पापे लादली जातात तो बळी जात नाही, आणि जो बळी जातो त्याच्यावर पापे लादलेली नसतात. आपल्या वाक्प्रचाराने दोघांचा एक केला. ख्रिस्ताच्या मृत्यूविषयीच्या लोकप्रिय समजुतींतही नेमके हेच घडले आहे.

आता प्रत्यक्ष मिस्साकडे येऊ. रोमन कॅनन या नावाने ओळखली जाणारी मिस्सामधील प्राचीन प्रार्थना बायबलमधील तीन पुरुषांच्या अर्पणांचे नाव घेऊन स्मरण करते : हाबेल, अब्राहाम आणि मलकीसदेक. चौथ्या शतकात मिलानच्या अँब्रोजने या प्रार्थनेचे जे रूप नोंदवून ठेवले त्यातही ही तीन नावे आहेत. रावेन्नाजवळील क्लासे येथील सेंट अपोलिनारिस चर्चमधील सातव्या शतकाच्या मोझेइक-चित्रात हे तिघे एकाच वेदीभोवती उभे आहेत : हाबेलच्या हातांत कोकरू, अब्राहामाबरोबर इसहाक आणि मध्यभागी भाकरी घेतलेला मलकीसदेक.

ही निवड विचार करायला लावणारी आहे. तिघांपैकी एकही मोशेच्या नियमशास्त्रातील याजक नाही. तिघेही त्या आधीचे. हाबेलने कळपातील पहिली पिले आणली, पण उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात त्याच्या आणि काइनच्या धान्याच्या अर्पणाला एकच शब्द आहे, 'मिन्हा'. एकाकडे देवाने कृपेने पाहिले व दुसऱ्याकडे पाहिले नाही. कारण कथा सांगत नाही. बाविसाव्या अध्यायातील अब्राहामाची कथा मुलाच्या वधाकडे निघते आणि वध थांबविण्यापाशी येऊन पोचते. अर्पण झाले, पण मुलगा जिवंत परतला. झुडपात अडकलेला एडका त्याच्या जागी गेला. कॅनन ज्याला अब्राहामाचे अर्पण म्हणते, ते त्याने हातचे काही राखून न ठेवणे होय.

तिसऱ्याच्या बाबतीत तर वधाचा प्रश्नच उद्भवत नाही. शालेमचा राजा मलकीसदेक लढाईहून परतणाऱ्या अब्रामासमोर भाकर व द्राक्षारस घेऊन येतो आणि त्याला आशीर्वाद देतो. मूळ हिब्रू वाक्यात त्याने हे पदार्थ देवाला अर्पण केले असे म्हटलेले नाही. ते त्याने आणले, आणि तो परात्पर देवाचा याजक होता, एवढेच आहे. चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधिकाळात जेरोमने लॅटिन अनुवाद करताना 'आणि तो याजक होता' याऐवजी 'कारण तो याजक होता' अशी रचना केली. एका उभयान्वयी अव्ययाने भाकर, द्राक्षारस आणि याजकपद यांची गाठ घातली. हा अर्थ जेरोमने नव्याने निर्माण केला असे नाही. तिसऱ्या शतकातच कार्थेजचा बिशप सिप्रियन याने मलकीसदेकाच्या कृतीत ख्रिस्ताच्या अर्पणाची पूर्वखूण पाहिली होती. अनुवाद हा भाष्याचाच एक प्रकार असतो, याचे याहून लहान आणि याहून परिणामकारक उदाहरण सापडणे कठीण आहे.

मात्र मिस्साचे सर्वांत खोल मूळ निर्गम या ग्रंथात आहे. बाराव्या अध्यायातील वल्हांडणाचे कोकरू घरोघर कापले जाते, त्याचे रक्त दारांच्या चौकटींना लावले जाते आणि मांस भाजून त्याच रात्री बेखमीर भाकरीबरोबर खाल्ले जाते. हे कोकरू पापासाठी दिलेले अर्पण नाही. ते मिसरच्या दास्यातून सुटकेचे चिन्ह आहे आणि ते खाल्ल्यावाचून विधी पुरा होत नाही. पुढे हा दिवस पिढ्यान्‌पिढ्या स्मरणार्थ पाळावा अशी आज्ञा येते. मिसर सोडून कित्येक शतके झाली तरी वल्हांडणाच्या रात्री प्रत्येकाने आपणच मिसरमधून बाहेर पडलो असे मानावे, ही यहुदी परंपरा त्या स्मरणाचा अर्थ स्पष्ट करते. आठवण काढणे एवढाच तो अर्थ नाही. स्मरणारा त्या घटनेत सामील होतो.

चोविसाव्या अध्यायातील प्रसंगाकडे त्या मानाने कमी लक्ष दिले जाते. सीनायच्या पायथ्याशी मोशे वेदी व बारा स्तंभ उभारतो. तरुण इस्राएली होमार्पणे व शांत्यर्पणे करतात. मोशे अर्धे रक्त वेदीवर टाकतो, कराराचा ग्रंथ वाचून दाखवतो, लोक होकार देतात, आणि उरलेले अर्धे रक्त तो लोकांवर शिंपडतो. वेदीवर आणि लोकांवर एकच रक्त पडते : दोन पक्षांत एकच जीवन वाहू लागते. त्यानंतर मोशे, अहरोन आणि सत्तर वडीलजन पर्वतावर चढतात, देवाचे दर्शन घेतात आणि तेथे खातात-पितात. करार, रक्त आणि देवासमोर भोजन हा क्रम पूर्ण होतो.

अखेरच्या भोजनाच्या वेळी येशूने प्याला हाती घेऊन काढलेले उद्गार मार्क व मत्तय यांनी दिले आहेत. त्यातील कराराच्या रक्ताचा उल्लेख सरळ या प्रसंगाकडे बोट दाखवितो. लूक आणि पौल यांच्या पाठात 'नवा' करार येतो. तेथे यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायाचा संदर्भ मिसळला आहे. स्मरणार्थ हे करीत जा, ही आज्ञाही याच दोघांकडे आहे. तिच्यातील 'अनाम्नेसिस' हा ग्रीक शब्द लेवीयच्या चोविसाव्या अध्यायाच्या प्राचीन ग्रीक अनुवादात येतो, आणि तेथे तो परमेश्वरासमोर दर शब्बाथाला मांडल्या जाणाऱ्या बारा भाकरींसंबंधी आहे. भाकर आणि स्मरण यांची जोडी अशी आधीपासूनच उपासनेच्या परिभाषेत होती. योहानाने वेगळी वाट धरली. त्याच्या कालक्रमात येशूचा मृत्यू वल्हांडणाची कोकरे कापली जाण्याच्या दिवशी होतो, आणि त्याचे हाड मोडले नाही ही नोंद तो निर्गमातील नियमाशी जोडतो.

संदेष्ट्यांची यज्ञविरोधी वचने अनेकदा या साऱ्याला छेद देणारी म्हणून पुढे केली जातात. आमोस, होशेय आणि यशया यांनी मंदिरातील अर्पणांवर कठोर प्रहार केले. यज्ञापेक्षा दया हवी हे होशेयचे सूत्र मत्तयाने येशूच्या तोंडी दोनदा घातले आहे. परंतु हा विरोध यज्ञाला आहे की अन्याय झाकणाऱ्या यज्ञाला? पश्चात्तप्त हृदय हाच देवाला प्रिय यज्ञ, असे सांगणारे एक्कावन्नावे स्तोत्र आजच्या स्वरूपात वेदीवरील गोऱ्ह्यांपाशीच येऊन थांबते. आपल्याकडील संतांनी यज्ञयागांविषयी जे म्हटले त्याच्याशी या वचनांची तुलना करण्याचा मोह होतो, आणि ती काही अंतरापर्यंत टिकतेही.

मलाखीचे उदाहरण अधिक नेमके आहे. आंधळी आणि लंगडी जनावरे वेदीवर आणणाऱ्या याजकांना तो खडसावतो आणि त्याच ओघात सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत सर्व राष्ट्रांत शुद्ध अर्पण होण्याविषयी बोलतो. येथे शब्द आहे 'मिन्हा'. 'दिदाखे' या अतिप्राचीन ख्रिस्ती पुस्तिकेने आणि दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिनने हे वचन मिस्साला लावले. जस्टिनने तर कुष्ठमुक्त झालेल्या माणसाने आणावयाच्या सपिठाच्या अर्पणातही मिस्साच्या भाकरीची पूर्वखूण पाहिली. १५६२ मध्ये त्रेंतच्या धर्मसभेने त्याच वचनाचा आधार घेतला, आणि १९६८ मध्ये रूढ झालेल्या तिसऱ्या युखारिस्त-प्रार्थनेच्या आरंभीच त्याचा पडसाद आहे. आणखी एका अर्पणाचे नाव येथे घ्यावयास हवे : 'तोदा', म्हणजे संकटातून सुटलेल्याचे आभारार्पण. लेवीयच्या सातव्या अध्यायाप्रमाणे त्यात मांसाबरोबर खमिराच्या व बेखमीर अशा दोन्ही भाकरी असतात आणि ते मांस त्याच दिवशी संपवावे लागते. साहजिकच माणसे बोलवावी लागतात. भविष्यकाळी सर्व यज्ञ थांबतील पण तोदा थांबणार नाही, असे एक रब्बींचे वचन लेवीय रब्बा या संग्रहात आहे. जर्मन अभ्यासक हार्टमुट गेजे यांनी मिस्साचा उगम या तोदामध्ये शोधला. त्यांचा सिद्धान्त संपूर्णपणे सिद्ध झालेला नाही असे माझे मत आहे. पण मिस्साचे 'युखारिस्त' हे ग्रीक नाव आभारप्रदर्शनाच्याच अर्थाचे आहे, ही गोष्ट त्याला बळ देते.

इ.स. ७० मध्ये जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले आणि यहुदी पशुयज्ञ थांबले. ख्रिस्ताचे अर्पण एकदाच आणि कायमचे झाले, हा इब्री पत्राचा आग्रह पुढे सोळाव्या शतकात वादाचे केंद्र ठरला. एकदाच झालेले अर्पण दररोज कसे होईल, हा ल्यूथर आदी सुधारकांचा आक्षेप होता. त्रेंतने मिस्सा हा खरा आणि पापक्षालन करणारा यज्ञ असल्याचे ठामपणे सांगितले. पण अर्पण तेच, अर्पण करणारा ख्रिस्तही तोच, भेद केवळ अर्पणाच्या रीतीत आहे, असे म्हणून पुनरावृत्तीचा आक्षेप नाकारला. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन सभेच्या उपासनाविषयक दस्तऐवजाने यज्ञ, स्मरण आणि वल्हांडणाचे भोजन हे शब्द एकत्र ठेवले. निर्गमातील जुना क्रम पुन्हा दिसू लागला, असे म्हणावयास हरकत नाही.

मराठीचा प्रश्न येथे सुरू होतो. त्रेंतनंतर चोपन्न वर्षांनी छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'च्या पहिल्या भागात बायबलच्या जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. पण सलग मराठी बायबल उभे राहिले ते एकोणिसाव्या शतकात, सेरामपूर आणि मुंबई येथील प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या प्रयत्नांतून. लेवीय ग्रंथातील अर्पणांना मराठी नावे दिली ती मिस्साला यज्ञ न मानणाऱ्या परंपरेने, आणि मिस्सा विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत लॅटिनमध्येच चालली. त्यामुळे मराठी कॅथलिकांकडे बायबलचे शब्द एका वाटेने आले आणि उपासनेचे दुसऱ्या. 'मिस्सा' हा शब्द तर लॅटिन विधीच्या अखेरीस लोकांना निरोप देताना उच्चारल्या जाणाऱ्या शब्दातून आलेला. त्यात यज्ञाचा अर्थ मुळीच नाही.

'यज्ञ' हा पर्याय सुचविला जातो. द्रव्य, देवता आणि त्याग ही श्रौत परंपरेतील यज्ञाची तीन अंगे, इडाभक्षण आणि यज्ञशेष खाण्याची कल्पना यांमुळे तो 'बळी'पेक्षा जवळचा वाटतो. पण मीमांसकांच्या यज्ञाला ऐतिहासिक घटनेचा आधार लागत नाही आणि दोन पक्षांच्या कराराचीही गरज नसते. बायबलमधील अर्पणाला या दोन्ही गोष्टींवाचून अर्थ नाही. दुसरीकडे 'बळी' या शब्दाला आपण समजतो तेवढा तो रक्तरंजितही नव्हता. वैश्वदेवातील बलिहरणात शिजवलेला भातच ठेवतात, काकबळीही अन्नाचाच, आणि 'रघुवंशा'त राजा प्रजेकडून घेतो तो बली म्हणजे कर. मराठी बायबलमध्ये 'मिन्हा'साठी 'अन्नबली' हा शब्द योजणाऱ्याने, जाणता वा अजाणता, या जुन्या अर्थाला हात घातला आहे. जस्टिनच्या वाचनाप्रमाणे मिस्साच्या सर्वांत निकटचे लेवीय अर्पण ज्या शब्दाने दाखविता येईल, तो शब्द मराठी बायबलमध्ये आहे. मिस्साविषयीच्या मराठी लेखनात तो का रुळला नाही, हे शोधण्यासाठी 'क्रिस्तपुराणा'च्या दुसऱ्या भागातील अखेरच्या भोजनाचे कथन आणि व्हॅटिकन सभेनंतरचे मराठी उपासनाग्रंथ शेजारी ठेवून वाचावे लागतील.